घरच्या ज्येष्ठांच्या लॅपटॉपला व्हाइटलिस्टिंग लावावं का? (विंडोज ११ होम)

उंबरठा – मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

साताऱ्यातला एक लॅपटॉप, वापरणारे दोघे, दोघंही सत्तरीच्या आसपासचे. विंडोज ११ होम आहे. अकाउंट एकच आणि तेही ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे काहीही बसवायची मुभा असलेलं. कामं अशी: ब्राउझरमध्ये बँक आणि विजेचं बिल, एक्सेलमध्ये सोसायटीचा हिशोब, वर्षातून एकदा इन्कम टॅक्सची एक्सेल युटिलिटी, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, प्रिंटर-स्कॅनर. शिवाय नोटिसा टाइप करायला जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचं एक मराठी सॉफ्टवेअर आहे, ते सुटणार नाही.

अँटिव्हायरस आहेच. पण डाउनलोड्समध्ये जे येईल त्यावर डबल क्लिक होतो, आणि 'यस' असं बटण दिसलं की ते दाबलं जातं. व्हाइटलिस्टिंगवाले म्हणतात की ओळखीचा प्रोग्रॅम तेवढाच चालेल, बाकी सगळं आपोआप अडेल, मग वापरणाऱ्याला काही कळायची गरजच नाही. तर्क पटतो, पण प्रश्न आहेत:

अशा माणसाचं त्याने खरंच रक्षण होतं का? होम आवृत्तीवर ते जमतं का? आणि लावल्यावर नेमकं काय बंद पडतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण काही अडलं की फोन येणार आणि लॅपटॉप २५० किलोमीटरवर असणार.

हातोडी – मंगळवार, रात्री १०:२५

होतं, पण यादी कोणाच्या हातात आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. 'व्हाइटलिस्टिंग' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिल्या प्रकारात नवा प्रोग्रॅम दिसला की सॉफ्टवेअर वापरणाऱ्यालाच विचारतं: चालू देऊ की अडवू? जाणकाराच्या हातात हे उत्तम हत्यार आहे. तुम्ही वर्णन केलेल्या माणसाच्या हातात त्याचा उपयोग शून्य, कारण ज्याला निर्णय घेता येत नाही म्हणून हे लावलं, निर्णय त्याच्याच गळ्यात पडतो. विंडोज व्हिस्टामधल्या परवानगीच्या खिडक्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आठवत असेल, आठवडाभरात बोट आपोआप 'कंटिन्यू'वर जायला लागायचं. वर या सॉफ्टवेअरांची शिकाऊ पद्धत असते: पहिले काही दिवस जे जे चालेल ते सगळं विश्वासार्ह धरायचं. मशीनवर आधीच कचरा असेल तर तोही सन्मानाने यादीत जातो. म्हणून असलं काही बसवायचं तर नव्याने टाकलेल्या विंडोजवरच.

दुसऱ्या प्रकारात यादी कंपनीकडे असते. अमेरिकेत घरगुती ग्राहकांसाठी पीसी मॅटिक याच तत्त्वावर विकतात, आणि विंडोज ११ मधलं स्मार्ट ॲप कंट्रोल हेही त्यातलंच. फाइल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला ओळखीची असेल तर चालते. ओळखीची नसेल तर तिच्यावर वैध डिजिटल सही (बनवणाऱ्या कंपनीची ओळख पटवणारा शिक्का) आहे का ते बघितलं जातं. दोन्ही नसलं की अडते. वापरणाऱ्याला 'तरीही चालवा' असं बटण मिळतच नाही, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वात मोलाची गोष्ट ते नसलेलं बटण आहे.

यादी कंपनीकडे असल्याची खोट अशी की जगात लाखो लोक जे वापरतात तेच 'ओळखीचं' ठरतं. महाराष्ट्रातल्या काही हजार लोकांपुरतं टायपिंग सॉफ्टवेअर, त्यावर सही नाही, वर ते कळफलकाच्या कळा मध्येच पकडतं (ते त्याचं कामच आहे): असा प्रोग्रॅम परका ठरायची शक्यता दाट. आणि स्मार्ट ॲप कंट्रोलमध्ये एखाद्या प्रोग्रॅमपुरती सूट देता येत नाही. एकतर सगळं चालू, नाहीतर सगळं बंद. मूळ रचनेत तर एकदा बंद केलं की विंडोज रीसेट केल्याशिवाय परत चालू होत नाही.

तिसऱ्या प्रकारात यादी घरातल्या किंवा ऑफिसातल्या जाणत्या माणसाकडे असते. ॲपलॉकर, ॲप कंट्रोल ही विंडोजमधली त्याची साधनं. मेहनत सगळ्यात जास्त, पण खरं संरक्षण इथेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी सायबर सुरक्षा खात्याच्या आठ मूलभूत उपायांत ॲप्लिकेशन कंट्रोल, म्हणजे व्हाइटलिस्टिंग, येतं ते याच अर्थाने. मात्र तिथे यादी सांभाळायला पगारी माणूस बसलेला असतो, हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

तुमच्यासाठी पहिली पायरी यांतली कुठलीच नाही. ते ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट आधी साधं करा. त्यावर सविस्तर उद्या लिहितो.

टेबलफॅन – मंगळवार, रात्री ११:१०

हातोडींशी तत्त्वतः सहमत, पण आज सत्तरीच्या माणसाचे पैसे जातात कसे ते आधी बघा. त्यातल्या किती प्रकारांत अनोळखी प्रोग्रॅम चालतो?

खोट्या बँकेच्या पानावर पासवर्ड आणि ओटीपी टाकला, प्रोग्रॅम नाही. 'डिजिटल अरेस्ट'च्या व्हिडिओ कॉलवर घाबरून आरटीजीएस केलं, प्रोग्रॅम नाही. ब्राउझरने 'अलाऊ' विचारलं, दाबलं, आणि आता कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' असं येतंय, तिथेही प्रोग्रॅम नाही, ती नुसती वेबसाइटची नोटिफिकेशन आहे. ब्राउझरचं एक्स्टेन्शन हाही विंडोजच्या दृष्टीने प्रोग्रॅम नव्हे. चालतो तो क्रोम, आणि क्रोम तर यादीत असणारच.

दुसरं, सही असलेली वस्तू चांगलीच असते असं नाही. 'वीजजोडणी आज रात्री तोडणार' असा मेसेज, मग फोन, मग एनीडेस्कसारखं, दुरून मशीन हाताळू देणारं रिमोट ॲप टाकायला लावणं; रिमोट ॲपचा हा डाव इतका जुना आहे की रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच त्याबद्दल बँकांना सावध केलं होतं. ही ॲप्स कायदेशीर, सही केलेली, जगभर वापरात. कंपनीच्या यादीत ती 'चांगली'च असणार. विंडोजमधलं क्विक असिस्ट हे असंच रिमोट ॲप तर मायक्रोसॉफ्टचंच, आणि २०२४ मध्ये रॅन्समवेअरवाल्यांनी (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांनी) ते लोकांच्या मशीनमध्ये शिरायला वापरल्याचं मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलं.

इतिहासही बोलका आहे. इराणच्या अणुप्रकल्पावर सोडलेल्या स्टक्सनेट या मालवेअरचे ड्रायव्हर चोरलेल्या खऱ्या सर्टिफिकेटांनी (सही करायला लागणाऱ्या डिजिटल दाखल्यांनी) सही केलेले होते. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या साफसफाईच्या प्रोग्रॅमची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या सहीनिशी, आत मागचं दार घेऊन लोकांपर्यंत पोचली. आणि बिट९ ही तर व्हाइटलिस्टिंग विकणारीच कंपनी. २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी सांगितलं की हल्लेखोरांनी त्यांच्या सर्टिफिकेटने मालवेअरवर सह्या केल्या. आत शिरता का आलं, तर स्वतःच्याच काही मोजक्या मशीनवर त्यांनी स्वतःचं सॉफ्टवेअर बसवलं नव्हतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हातोडी – बुधवार, सकाळी ७:५०

टेबलफॅन, पहिला मुद्दा बिनतोड. रिमोट ॲपच्या बाबतीत मात्र तुमचा मुद्दा दुसऱ्या प्रकाराला लागतो, तिसऱ्याला नाही.

ही ॲप्स बहुधा डाउनलोड्समधून थेट चालतात, बसवावीही लागत नाहीत. स्मार्ट ॲप कंट्रोल 'ही ओळखीची' म्हणून त्यांना सोडेल. पण नियम जागेवर बेतलेला असेल, म्हणजे 'प्रोग्रॅम फाइल्स आणि विंडोज या फोल्डरांत जे आहे तेच चालेल', तर डाउनलोड्समधलं कुठलंही रिमोट ॲप चालणारच नाही, मग सही कोणाचीही असो. विंडोजमधले टेम्पसारखे मोजके उपफोल्डर सोडले तर साध्या अकाउंटला त्या दोन फोल्डरांत काही टाकता येत नाही. दोन्ही गोष्टी मिळून कुंपण होतं, एकट्याने नाही. क्विक असिस्ट वापरात नसेल तर सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्समधून काढून टाका.

यातही एक भोक आहे आणि गेल्या दोन वर्षांत तेच सगळ्यात जास्त वापरलं जातंय. पानावर खोटा 'मी रोबो नाही' असा चौकोन येतो. त्यावर क्लिक केलं की क्लिपबोर्डवर गुपचूप एक आज्ञा ठेवली जाते. मग सूचना: विंडोजची कळ आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर मारा. तीनदा कळा दाबायचं काम, आणि ते वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने केलेलं. ती आज्ञा चालवते पॉवरशेल किंवा एमएसएचटीए, म्हणजे विंडोजच्याच फोल्डरमधली, मायक्रोसॉफ्टच्या सहीची वस्तू. जागेचा नियम तिला अडवत नाही आणि सहीचाही नाही.

म्हणून यादीत 'विंडोज फोल्डर चालेल' एवढं म्हणून भागत नाही, त्यातून एमएसएचटीएसारख्या चिजा वगळाव्या लागतात. आज ते जमलं नाही तर होम आवृत्तीवरही चालणारा तात्पुरता उपाय: विंडोज फायरवॉल, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, आउटबाउंड रूल्स, न्यू रूल, प्रोग्रॅम, ब्लॉक. एमएसएचटीए, पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट, सीस्क्रिप्ट या स्क्रिप्ट (लिहून ठेवलेल्या आज्ञा) चालवणाऱ्या चौघांना बाहेर जायला बंदी करा. प्रत्येकाची प्रत दोन ठिकाणी असते, सिस्टम३२ मध्ये आणि सिसवाउ६४ मध्ये (नावात ६४ असलं तरी ही ३२ बिटची), तेव्हा नियम आठ होतील. चारच केले तर ३२ बिटवाला दरवाजा उघडा राहतो. हे पक्कं कुलूप नव्हे. विंडोजमधल्याच कर्ल, आरयूएनडीएलएल३२, एमएसआयएक्सईसी यांनाही बाहेरून फाइल आणता येते. पण रोजच्या टोळ्यांचा बराच माल या आठांत अडतो आणि घरातलं कुठलंच काम त्यामुळे थांबत नाही.

खतावणी – बुधवार, सकाळी ११:०५

हिशोब आणि रिटर्नवाल्या मशीनवर नेमकं काय अडतं, तेवढंच लिहिते. बहुतेक लेख अमेरिकन घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात, त्यांत हे सापडत नाही.

इन्कम टॅक्सची एक्सेल युटिलिटी. ती मॅक्रोवर, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर चालते. एक्सेल यादीत असल्यामुळे व्हाइटलिस्टिंग तिला हात लावत नाही, पण २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो ऑफिस स्वतःच अडवतं, वर लाल पट्टी येते. झिप फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर खूण, आणि मग एक्स्ट्रॅक्ट. क्रम हाच ठेवा, आधी एक्स्ट्रॅक्ट केलंत तर आतल्या फाइलवर 'इंटरनेटवरून आली' हा शिक्का कायम राहतो. कृपा करून 'सगळे मॅक्रो चालू' असं सेटिंग करून ठेवू नका. एका युटिलिटीसाठी वर्षभर दार उघडं राहतं.

हा 'इंटरनेटवरून आली' शिक्का फाइलच्या आत नसतो, एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर (विंडोजची डिस्क तशी असते) फाइलला चिकटवलेला असतो. बहुतेक पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीचे असतात, त्यांवर फाइल टाकली की शिक्का गळून पडतो. म्हणून कोणी पेनड्राइव्हवर आणून दिलेली एक्सेल फाइल कसलीही पट्टी न दाखवता उघडते. लोक म्हणतात 'बघा, पेनड्राइव्हवरची बरोबर चालते', आणि नेमकं तिथेच फसतात.

टीडीएसची युटिलिटी जावावर आहे आणि बॅच फाइलने (आज्ञांच्या साध्या फाइलने) सुरू होते. स्क्रिप्टचे नियम लावले की ती बॅच फाइल अडते. शिवाय जावाला परवानगी दिली म्हणजे जावावर चालणाऱ्या कुठल्याही जार फाइलला परवानगी दिली, कारण विंडोजला दिसतो तो जावाच, जार त्याच्या दृष्टीने नुसती माहिती. टीडीएसचं काम घरात नसेल तर जावा काढूनच टाका.

सहीचा टोकन. लावल्यावर तो बऱ्याचदा एका सीडी ड्राइव्हसारखा दिसतो आणि आतला सेटअप तिथूनच चालू होऊ बघतो. व्हाइटलिस्टिंग ते अडवेल आणि अडवायलाच हवं. ड्रायव्हर आणि सही करणारी एमसाइनर किंवा एमब्रिज यांसारखी युटिलिटी ॲडमिन अकाउंटमधून एकदाच बसवा. पोर्टलने नवी आवृत्ती मागितली की हे पुन्हा करावं लागेल.

आता ते मराठी टायपिंग. नियम तीन तऱ्हांनी करता येतो: सहीवरून, जागेवरून, किंवा फाइलच्या ठशावरून, म्हणजे हॅशवरून. हॅश हा फाइलमधल्या एकूण एक बिटवरून काढलेला आकडा, एक बिट बदलला की आकडा बदलतो. क्रोमला हॅशचा नियम लावला तर पुढच्याच अपडेटला क्रोम बंद पडेल. पण दहा वर्षांत एकही अपडेट न आलेल्या टायपिंग सॉफ्टवेअरला हॅशच योग्य. त्याची एक्झी (मुख्य प्रोग्रॅमची फाइल) आणि सोबतच्या डीएलएल (तिला लागणाऱ्या जोडफाइली), सगळ्यांचे हॅश घ्या, एक्झी चालून डीएलएल अडली तर चमत्कारिक त्रुटी येते आणि कारण लक्षात येत नाही.

अशा जुन्या सॉफ्टवेअरला जागेचा नियम लावायचा मोह होतो, तो टाळा. त्यातली बरीच प्रोग्रॅम फाइल्समध्ये न बसता थेट सी ड्राइव्हवर स्वतःचं फोल्डर करतात. सी ड्राइव्हच्या मुळाशी तयार झालेल्या फोल्डरात साध्या अकाउंटलाही लिहायची परवानगी आपोआप मिळते. खात्री करायची तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' निवडा आणि खाली 'मॉडिफाय'समोर खूण दिसते का बघा. दिसली तर त्या फोल्डरला परवानगी देणं म्हणजे कुंपण घालून फाटक उघडं ठेवणं.

पाचवामजला – बुधवार, दुपारी २:३०

एवढ्या उचापती कशाला? जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स टाका. एक्झी चालतच नाही, विषय संपला. नाहीतर फक्त स्टोअरमधली ॲप्स चालू देणारा विंडोजचा एस मोड, तो तर होमवरच असतो.

खतावणी – बुधवार, दुपारी ३:१५

बँक, मेल आणि यूट्यूब एवढंच असतं तर मीही तेच सांगितलं असतं. एस मोडमध्ये पॉवरशेल, कमांड प्रॉम्प्टसुद्धा बंद असतात, तेव्हा हातोडींनी सांगितलेली तीनदा कळा दाबायची युक्तीही तिथे फसते. पण सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे बसत नाही, आणि जुनं टायपिंगही नाही. एस मोडमधून बाहेर पडणं फुकट आहे, परतीचा रस्ता नाही. दुकानातून मशीन एस मोडमध्ये आलेलं असेल तर पहिल्याच दिवशी ते घालवू नका, एवढं मात्र खरं.

उंबरठा – बुधवार, रात्री ९:१५

भरपूर माहिती मिळाली, आभार. विंडोज सिक्युरिटीत बघितलं, स्मार्ट ॲप कंट्रोल 'ऑफ' दाखवतंय. म्हणजे तो रस्ता बंद समजायचा का? ॲपलॉकरचं एडिटरही होममध्ये सापडत नाही. विंडोजची प्रो आवृत्ती घ्यावी लागेल?

आणि साधं अकाउंट केल्यावर ॲडमिन पासवर्ड विचारणारी खिडकी आली, तर तो फोनवर सांगायचा?

हातोडी – बुधवार, रात्री १०:४०

फोनवर अजिबात सांगू नका. एकदा सांगितलेला पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिला जातो, आणि पुढच्या वेळी 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही वाचून दाखवला जातो. दुरून मदत करायची तर एक अडचण आधी लक्षात घ्या: क्विक असिस्टने जोडल्यावर पासवर्डची खिडकी आली की मदत करणाऱ्याचा पडदा थांबतो, त्याला ती खिडकी दिसतच नाही. त्यासाठी आधीच सर्व्हिस म्हणून (कायम पाठीमागे चालू राहील असं) बसवलेलं, फक्त तुमच्याच खात्यातून जोडलं जाणारं आणि स्वतःचा पिन असलेलं एकच रिमोट साधन ठेवा. बसवायचं ते समोर बसून, आणि तेव्हाच तपासायचंही, कारण २५० किलोमीटरवरून ते तपासता येत नाही.

स्मार्ट ॲप कंट्रोल बंद आहे ते तुमच्या पथ्यावरच पडलं, टायपिंग सॉफ्टवेअरवरून पुढे भांडण झालंच असतं. ते ज्या इंजिनावर चालतं ते ॲप कंट्रोल मात्र होमसकट सगळ्या आवृत्त्यांवर चालतं. प्रोसाठी पैसे घालू नका. हाताशी एक अख्खा दिवस आणि नंतर पाचेक आठवडे धीर ठेवा.

आधी अकाउंट. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स: 'देखभाल' नावाचं नवं अकाउंट करा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, त्यात एकदा लॉगिन करून बघा, आणि मग तिथून जुन्या अकाउंटला स्टँडर्ड करा. क्रम उलटा नको. जुन्या अकाउंटमधल्या फाइली, ब्राउझरचे बुकमार्क, प्रिंटर सगळं जागच्या जागी राहतं, हे त्या दोघांना आधी सांगून ठेवा. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आत्ताच कागदावर घ्या.

मग मायक्रोसॉफ्टचा ॲप कंट्रोलचा विझार्ड, म्हणजे पॉलिसी (काय चालेल याची नियमावली) बनवायचं साधन. तो तुमच्या मशीनवर चालवून पॉलिसी तयार करा, तिकडे न्यायची ती तयार फाइल. नमुन्यांत 'साइन्ड अँड रेप्युटेबल' निवडा, विंडोज, स्टोअरची ॲप्स आणि जगात ओळखीचे प्रोग्रॅम त्यात बसतात (म्हणजे ओळखीची रिमोट ॲप्सही, त्यांना जागेचा नियम अडवतो तसा हा नमुना अडवणार नाही). पुढे मायक्रोसॉफ्टची शिफारस केलेली ब्लॉक यादी जोडायचा पर्याय येतो, तो घ्या. एमएसएचटीए आणि त्याची भावंडं त्यात आहेत. 'ऑडिट मोड' (अडवायचं नाही, नुसती नोंद करायची) चालूच ठेवा. 'ॲडव्हान्स्ड बूट ऑप्शन्स मेन्यू' हाही चालू ठेवा, पॉलिसी चुकून विंडोज सुरूच झालं नाही तर बाहेर पडायची ती सोपी वाट. शेवटी खतावणींनी सांगितलेले हॅश.

पॉलिसीची फाइल तिकडच्या मशीनवर सीआयटूल या आज्ञेने लागू होते. विंडोज ११ च्या २२एच२ पासून ते आतच येतं. 'रेप्युटेबल'चा भाग चालायला ॲपआयडीटेल ही आज्ञा 'स्टार्ट' जोडून एकदा ॲडमिन म्हणून द्यावी लागते. ती विसरली तर ओळखीचे प्रोग्रॅमही अनोळखी ठरतात, आणि लोक पॉलिसीतच चूक शोधत बसतात.

आता पाच आठवडे काहीच अडणार नाही, नुसती नोंद होईल. इव्हेंट व्ह्यूअर, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, कोडइंटिग्रिटी, ऑपरेशनल. तिथे ३०७६ क्रमांकाची नोंद म्हणजे 'खरं लागू असतं तर हे अडलं असतं'. स्क्रिप्ट आणि एमएसआयच्या (प्रोग्रॅम बसवायच्या फाइलींच्या) नोंदी वेगळ्या असतात, ॲपलॉकरच्या लॉगमध्ये ८०२८ क्रमांकाने. पाच आठवडे एवढ्यासाठी की त्यात एक महिनाअखेर, एक प्रिंटरचं अपडेट, एकदा तरी टोकनने सही आणि एकदा स्कॅनिंग आलं पाहिजे. रिटर्न भरायचा महिना त्यात येत असेल तर सोन्याहून पिवळं. दर आठवड्याला ३०७६ च्या नोंदी बघायच्या, ओळखीच्या असतील त्यांना नियम करायचा, आणि अनोळखी दिसेल त्याला लगेच नियम न करता ते कुठून आलं ते शोधायचं.

नोंदी कोऱ्या राहायला लागल्या की ऑडिट काढून पॉलिसी पुन्हा लावा. त्यानंतर खरोखर अडलेल्याची नोंद ३०७७ येते. घरच्यांना एवढंच सांगा: 'तुमच्या संस्थेने अडवलं' अशा अर्थाची खिडकी आली तर तो बिघाड नाही, तिचा फोटो पाठवा.

टेबलफॅन – गुरुवार, सकाळी ८:३०

हे केल्यावर ब्राउझर उघडाच राहतो, तेव्हा माझी भर. क्रोम आणि एजची धोरणं होमवरही रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतून) लागतात. ॲडमिन अकाउंटमधून लोकल मशीनच्या पॉलिसीज भागात क्रोमसाठी दोन नोंदी करा. एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्टमध्ये एक तारा टाका, म्हणजे सगळी एक्स्टेन्शन बंद. एखादं हवं असेल, समजा जाहिराती अडवणारं, तर त्याचा आयडी अलाऊलिस्टमध्ये घाला. हेही व्हाइटलिस्टिंगच, फक्त योग्य जागी. डीफॉल्ट नोटिफिकेशन्स सेटिंगला २ किंमत द्या, मग कुठलीही साइट नोटिफिकेशनची परवानगी विचारणारच नाही आणि ते 'अलाऊ' दाबायची वेळच येणार नाही. आधी दिलेल्या परवानग्या मात्र साइट सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने काढा. एजसाठी हेच वेगळं करावं लागतं. क्रोमला बंदिस्त केलं आणि एज मोकळं ठेवलं, तर मेलमधली लिंक नेमकी एजमध्ये उघडते.

एवढ्यावरही ओटीपी सांगितला जाऊ शकतो. बँकेच्या ॲपमध्ये ट्रान्स्फरची रोजची मर्यादा त्या घराच्या गरजेएवढी खाली आणा, आणि १९३० हा नंबर दोघांच्या मोबाइलमध्ये 'पैसे गेले' या नावाने जतन करा. घाईत 'सायबर हेल्पलाइन' असं काही कोणाला आठवत नाही.

उंबरठा – गुरुवार, रात्री ८:५०

दोघांचेही मोबाइल अँड्रॉइडच आहेत. लग्नपत्रिका आणि आरटीओ चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके (अँड्रॉइड ॲपच्या फाइली) येतात म्हणे. लॅपटॉपवर एवढं करून मागचं दार मोबाइलचं राहायचं.

पाचवामजला – गुरुवार, रात्री ९:३०

मोबाइलमध्ये यादी आधीच आहे, प्ले स्टोअर. तिला पाडलेलं भोक तेवढं बुजवायचं. सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी दर ॲपला वेगळी असते. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, ब्लूटूथ, प्रत्येकासमोर 'नॉट अलाऊड' हवं. एकट्या क्रोमचं बंद करून लोक थांबतात, आणि एपीके येते व्हॉट्सॲपवरून. मग ॲक्सेसिबिलिटीत (इथे परवानगी मिळालेलं ॲप पडदा वाचू शकतं) जाऊन कुठली ॲप्स चालू आहेत ते बघा, तिथे अनोळखी नाव असेल तर तेच चोर. नोटिफिकेशन वाचायची परवानगी कोणाकोणाला आहे तेही बघा, ओटीपी तिथूनही वाचला जातो. प्ले प्रोटेक्ट (प्ले स्टोअरची ॲप-तपासणी) चालू आहे ना, एवढी शेवटची खात्री. मोबाइल अँड्रॉइड १६ चा असेल तर ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन चालू करा, बाहेरची ॲप्स बसवायची सोयच त्याने बंद होते.

खतावणी – गुरुवार, रात्री १०:०५

उंबरठा, एक राहिलं. टोकनचा ड्रायव्हर ॲडमिन अकाउंटमधून टाकल्यावर तिथेच सही करून 'चालतंय' म्हणू नका. मशीन रीस्टार्ट करा, त्यांच्या साध्या अकाउंटमधून लॉगिन करा आणि पोर्टलवर सही उमटते का ते बघा. सही करणारी युटिलिटी काही वेळा ज्या अकाउंटमधून बसवली त्याच अकाउंटमध्ये आपोआप सुरू व्हायची नोंद करून ठेवते. तसं झालं तर तिचा शॉर्टकट सगळ्यांच्या सामाईक स्टार्टअप फोल्डरात टाकावा लागतो. हे ऑडिटच्या लॉगमध्ये दिसत नाही, कारण अडवलेलं काहीच नसतं, युटिलिटी नुसती सुरूच झालेली नसते.